बिनकढईची दिवाळी

यंदाच्या दिवाळीला कढई चढवायची नाही असं कमलनं ठरवलं, आणि ठरवताना कुणालाही विचारलं नाही. विचारायची तिला सवयच नव्हती. गुंद गावात तिच्या तोंडाला लागायची हिंमत एकट्या गणपतीत होती, म्हणजे तिच्या नवऱ्यात, आणि तो बिचारा उन्हाळ्यापासून तोंड उघडेनासा झाला होता. बोलायलाही आणि जेवायलाही.

उन्हाळ्यात त्याच्या छातीत कळ आली. काजू वेचत होता, तो झाडाखालीच बसला. गावानं उचलून जीपमध्ये घातला, बेळगाव गाठलं, आणि माणूस वाचला. घरी सोडताना डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून नीट समजावलं. तळलेलं टाळा, मीठ हात राखून घाला, रोज थोडं चाला, पोटभर जेवा आणि मुख्य म्हणजे आनंदात राहा. कमलनं त्यातलं तळलेलं आणि मीठ तेवढं पदराच्या गाठीला बांधलं. बाकीचं सगळं ती दवाखान्यातच विसरून आली.

मग काय विचारता! घरातून तेलाचा डबा गेला, पापड गेले, लोणच्याची बरणी गिरजाच्या घरी गेली. ताटात काय, तर पाण्यात उकडलेला भोपळा, नावाला मीठ घातलेली डाळ आणि पेज. शेजारची गिरजा एकदा न राहवून म्हणालीसुद्धा, "कमलक्का, दादाला दवाखान्यातनं घरी आणलंस, का घरच दवाखाना केलंस?" कमलनं तिच्याकडं असं काही बघितलं की गिरजा आठवडाभर विहिरीवर तिच्या वेळेला आली नाही.

गणपती जेवायला बसला की ही समोर उभी. कमरेवर हात आणि डोळे ताटात. त्यानं घास उचलला की हिचा श्वास अडकायचा, घास खाली उतरला की सुटायचा. चार-पाच घास झाले की तो हात धुवायला उठायचा. "पोट भरलं," म्हणायचा. ती म्हणायची, "आणखी थोडं घ्या की." तो म्हणायचा, "बास." मग ती आत जाऊन चुलीपाशी उभ्या उभ्या स्वतःचं उरकायची. काय खाल्लं ते विचारलं असतं, तर तिला सांगता आलं नसतं.

हा तोच गणपती, ज्यानं लग्नाच्या पंगतीत वाढप्यांना घाम फोडलेला. दिवाळीचं तळण सुरू झालं की कढईजवळ पाट टाकून बसायचा. गरम नेवरी, म्हणजे करंजी, या हातातून त्या हातात नाचवत खायचा आणि चौथी संपवताना म्हणायचा, "पयली बरी झालेली. मधल्या दोन बिघडल्या." कमल झारा उगारायची. तो हसत परसात पळायचा. आता सदरे त्याच्या अंगावर लोंबायला लागले होते. पावसाळा सरल्यावर डॉक्टरांनी त्याला वजनकाट्यावर उभा केला तेव्हा त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "अहो बाई, यांचं वजन असं घसरून चालणार नाही. अंगात ताकद नसली तर हृदयाला कुठून येणार? यांना जेवू घाला."

जेवू घाला! परतीच्या बसमध्ये कमलनं खिडकीकडं तोंड करून रडून घेतलं. नको ते खाल्लं तर जायचा, काहीच नाही खाल्लं तरी जायचा. मग बाईमाणसानं करावं तरी काय? रात्रंदिवस तिच्या डोक्यात हे एकच चाललेलं. हा माणूस आपल्या हातातून निसटत चाललाय, आणि धरावं कुठं ते कळत नाही. मुलगा सागर गोव्यात कंपनीत होता. पाडव्याशिवाय त्याला सुट्टी नव्हती, आणि फोनवर तो म्हणायचा, "आये, तू लई काळजी करतीस." म्हणणाऱ्याचं काय जातंय!

अशात दिवाळी आली. गावात घरोघरी भाजणीचे, खोबऱ्याचे वास सुटायला लागले. नेवऱ्या घरात आल्या की हा खाणार, आणि खाल्ल्या की... पुढचं तिनं मनातसुद्धा म्हटलं नाही. तिनं कढई घासली, फडक्यात गुंडाळली आणि शिडी लावून माळ्यावर सारली.

गणपती पडवीत बसून हे बघत होता. "औंदा कढई न्हाई?"

"न्हाई."

"लोकं काय म्हणतील?"

"तुमच्या छातीत कळ आल्यावर लोकं येणारेत व्हय वाटून घ्यायला?"

"बरं," तो म्हणाला आणि परत भाताच्या खळ्याकडं बघत बसला. पूर्वीचा गणपती असता तर यावर तासभर भांडला असता. कमलला जिंकल्याचा आनंद काही झाला नाही.

पुढं जे झालं त्याला जबाबदार कोण, असं विचाराल तर एकटी कमलच. चाळीस वर्षांचं वय काही शेणात गेलेलं नव्हतं तिचं, सगळे रीतिरिवाज तिला तोंडपाठ होते. पण काळजीनं माणसाचं डोकं एकीकडंच धावायला लागलं की दुसरं काही दिसत नाही.

चतुर्दशीच्या पहाटे तिनं गणपतीला तेल-उटणं लावून आंघोळ घातली. कारीट त्याच्या पायाखाली ठेवलं, त्यानं अंगठ्यानं फोडलं. मग नव्या भाताचे पोहे वाढले. गूळ नाही, ओलं खोबरं नाही, कोरडे ठणठणीत. त्यानं दोन चमचे खाल्ले आणि दारातल्या पणतीकडं बघत बसला. ही उभीच.

तेवढ्यात गिरजा आली. नवी साडी नेसलेली, हातात झाकलेलं ताट. पण तोंड असं पाडलेलं की जणू गाय मेलीय. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही. ताट पडवीत ठेवलं, पदर तोंडाला लावला, "अक्का, धीर धर," एवढं म्हणाली आणि गेली.

कमलनं फडकं उचललं. नेवऱ्या, चकल्या, शेव, शंकरपाळ्या. "हिला काय झालं?" ती पुटपुटली. "दोन घरांमधी एक कुंपण, आन् ही मला धीर द्यायला आली!"

पाठोपाठ पलीकडच्या घरची केशर आली. तिनंही ताट ठेवलं आणि नुसता कमलच्या पाठीवरून हात फिरवला. मग वरच्या वाडीतल्या दोघी आल्या. मग खालच्या वाडीतून एक डबा आला. ऊन अंगणात उतरेपर्यंत पडवीत फराळाची जत्रा भरली. ज्या घरात तेलाचा थेंब पडू द्यायचा नाही म्हणून बाई शिडीवर चढली होती, त्या घरात अख्ख्या गुंदाचं तळण येऊन पडलं! आणि त्याच्या मधोमध पाटावर गणपती.

कमल पाण्याचा हंडा घेऊन आत गेली आणि बाहेर येऊन बघते तर त्याच्या हातात नेवरी. नाकाला लावलेली. हंडा टाकून तिनं झडप घातली.

"खाल्ली न्हाई," गणपती म्हणाला. "वास घेतला. वासानं बी मरतात काय माणसं?"

"मरतात म्हणू नका! सणासुदीचं!"

नेवरी ताटात आपटून ती तरातरा कुंपण ओलांडून गिरजाच्या दारात गेली. "गिरजे, भाईर ये. काय चाललंय तुमचं सगळ्यांचं? माझ्या नवऱ्याच्या वाईटावर उठलाय व्हय? सगळ्या जगाला ठावं हाय त्याला तळलेलं चालत न्हाई म्हणून!"

गिरजा गांगरली. "पर अक्का, रीत न्हवं का ती? मी म्हटलं, तुमच्या रामनगरचे बाबुराव काका गेले असतील. वय झालेलं हाय त्यांचं. केशर बी तसंच म्हणाली."

"काका गेले? काका कशाला जातील? परवा तर रामनगरच्या बाजारात तांदळाच्या भावावरनं भांडत हुते, मीच बघितलंय. कोण म्हणालं तुला?"

"कोण कशाला म्हणायला पायजे?" गिरजा हळूच म्हणाली. "तुझ्या घरात कढई चढली न्हाई, अक्का."

कमल तिथंच पायरीवर बसली. मटकन बसली. वर्षाच्या आत ज्या घरातलं माणूस गेलं, त्या घरात दिवाळीला कढई चढत नाही. मग शेजारपाजार आपापल्या घरचा फराळ त्या घरी पोचवतो, सणाच्या शुभेच्छा न देता, गुपचूप. ही रीत तिनं स्वतः किती घरी पाळली होती! सासू गेली त्या वर्षी याच पडवीत अशीच ताटं आली होती. आणि यंदा तिनं चांगल्या जित्याजागत्या नवऱ्याच्या घरात स्वतःच्या हातानं सुतक मांडून ठेवलं होतं.

"अगं बाई, काय केलं मी हे!" तिनं कपाळावर हात मारला. शरम वाटली, पण शरमेपेक्षा भीती जास्त वाटली. असलं अभद्र आपल्या हातून झालं कसं? "गिरजे, कोण बी गेलं न्हाई. समदी ठणठणीत हायत. जा, सगळ्यांना सांगून ये, पाया पडते तुझ्या."

गिरजाच्या चेहऱ्यावर आधी हायसं आलं, मग हसू आलं, आणि मग ते हसूही गेलं. "अक्का, सांगते मी. पर केशरचा नवरा, परशू, काल सासरवाडीला गेला की. दिग्गीला."

दिग्गीला गणपतीची थोरली बहीण देवकी राहत होती. आणि दिग्गीत फोनला रेंज नावाची चीज नव्हती.

कमल धावत घरी आली, तरी फोन लावून बघितला. लागला नाही. दुसऱ्यांदा लावला, नाही लागला. गणपतीला सांगावं की न सांगावं या विचारात ती पडवीतली ताटं आत नेत होती, तोवर ऊन डोक्यावर आलं आणि रस्त्यावर जीप थांबल्याचा आवाज झाला. आणि मागोमाग तो हंबरडा.

"गणू रे माझ्या! मला न सांगता गेलास रे! एवढी कशी घाई झाली तुला, गणू!"

देवकी रस्त्यापासून रडत येत होती. केस सुटलेले, एका काखेत बोचकं, दुसरा हात छातीवर. तिच्या रडण्यानं वाडीतली कुत्री भुंकायला लागली, लोक घराबाहेर आले. गणपती पडवीच्या खांबाला टेकून बसला होता. त्यानं मान वर करून बघितलं.

"अक्का," तो म्हणाला, "कुठं गेलो मी?"

 देवकी अंगणात थांबली. डोळे पुसून तिनं बघितलं, परत पुसून परत बघितलं. मग बोचकं टाकलं, पडवी चढली आणि भावाच्या गालावर फाडकन ठेवून दिली.

"मेल्या! जित्ता हाईस? जित्ता हाईस आन् मी दिग्गीपासनं घसा फोडत आले? जीपवाल्याला बी रडवलं की रे मी!" आणि मग त्याच गालावरून हात फिरवत, त्याला छातीशी धरून जी रडली ती आवरेचना. या रडण्यात मघाच्या रडण्यातलं काहीच नव्हतं.

आणि गणपती हसायला लागला. आधी खांदे हलले, मग पोट, मग तो गालावर हात धरून खो खो हसत सुटला. "अक्का, जीपवाल्यानं भाडं घेतलं का न्हाई?"

"न्हाई घेतलं! दुःखाचं घर म्हणून!"

आता अंगणातले सगळेच हसायला लागले. कमल दाराच्या चौकटीला धरून उभी होती. उन्हाळ्यापासून या घरात हा आवाज नव्हता.  ती रडतीय की हसतीय हे तिलाही कळेना.

देवकीनं तिला सगळं विचारून घेतलं, आणि कमलनं सांगून टाकलं. कढईचं, तेलाचं, डॉक्टरांचं, भीतीचं, सगळं. आता नणंद आपल्याला फाडून खाणार या तयारीनं ती मान खाली घालून बसली. देवकीनं तोंड उघडलं आणि म्हणाली, "मला भूक लागलीय. सकाळपासनं पोटात पाणी न्हाई. आधी काय तरी कर, मंग तुला शिव्या देते."

करायचं काय? देवकीनं अंगणात टाकलेलं बोचकं उचलून आणलं. भाऊ गेला असं वाटल्यावर तिचा हात स्वतःच्या घरच्या फराळाला लागेना. पण भावाच्या घरी रिकाम्या हातानं कसं जायचं? म्हणून कुदळ घेऊन परसात गेली आणि रडत रडत काटेकणंग उकरून आणले. हे कंद खरं तर अजून महिनाभर मातीत राहायचे होते. त्यामुळं बेतानंच भरलेले, वर मातीही तशीच.

"हे भाजूया," देवकी म्हणाली. "तवशी असंल तर पानगी कर. परसात हळदीची पानं हायत न्हवं? आन् काळा वाटाणा भिजवलेला दिसतोय तो. खोबरं वाटून टाक त्यात."

"खोबरं?" कमल म्हणाली.

"व्हय, खोबरं. डोंगर करू नको, चमचाभर टाक. तोंडाला चव आली पायजे का नको माणसाच्या?"

गणपती उठून चुलीपाशी आला होता. केव्हा आला ते कुणी बघितलं नाही. "निखारे मी करतो," तो म्हणाला.

"धूर लागंल तुमाला," कमल म्हणाली.

"कमल," देवकी म्हणाली, "गप."

त्यानं अंगणात तीन दगड मांडले. वाळलेली काटकी तोडली, फुंकर घातली, निखारे केले, कंद पुरले आणि राख सारखी केली. प्रत्येक कामाला मध्ये दम घेत होता, पण उठला नाही. काठीनं कंद फिरवताना तो देवकीला सांगत होता की मागच्या पावसात रानडुकरांनी भात कसं उलथलं. कमल आत तवशी किसत होती आणि कान बाहेर होते. किसलेल्या काकडीत तांदळाचं पीठ आणि चिमूटभर गूळ कालवून तिनं हळदीच्या पानावर थापलं, वर तेच पान दुमडलं, तव्यावर ठेवलं. पान करपायला लागलं तसा तो हळदीचा वास घरभर झाला. काळ्या वाटाण्याच्या उसळीत तिनं चमचाभर खोबरं घातलं, थांबली, आणि आणखी अर्धा चमचा घातला. पोह्यांत घट्ट ताक, आलं, हिरवी मिरची. तेल कशातच नव्हतं. आणि तरी तिच्या स्वतःच्या तोंडाला पाणी सुटलं. याचंच तिला नवल वाटलं.

वाढून झालं. देवकी बसली, गणपती बसला. कमल सवयीनं समोर उभी राहिली, कमरेवर हात ठेवून.

"तू बी बस," देवकी म्हणाली.

"मी मागनं जेवते, अक्का. ह्यांचं होऊ दे."

"का? तू काय राखण करतीस?"

 गणपतीनं काटेकणंगाची साल सोलता सोलता मान वर केली नाही. पण बोलला तोच.

"अक्का, आये शेवटी शेवटी आजारी हुती, आठवतंय? आपण दोघं तिच्या म्होरं बसायचो. एक घास गेला, दुसरा गेला, आता तिसरा जातोय का बघायचो."

"आठवतंय की."

"आये एकदा मला म्हणाली, 'गणू, तुमी असं बघताय त्यावरनंच मला कळतंय, मी ऱ्हात न्हाई.'" त्यानं कंद मोडला. आतून वाफ आली. "ही माझ्या म्होरं उभी ऱ्हाती न्हवं, तसं मला वाटतंय. रोज. घास खालीच उतरत न्हाई. कढई आज चढली न्हाई म्हणून गाव रडायला आलं. सुतक तर ह्या घरात उन्हाळ्यापासनंच हाय."

कमलच्या कमरेवरचे हात खाली आले. तिला वाटलं, हे त्यानं आधी का नाही सांगितलं? मग वाटलं, सांगणार कसा? मी कुणाचं ऐकून घेते? ती खाली बसली. पाट नव्हता, जमिनीवरच बसली, त्याच्या शेजारी. देवकीनं तिच्यापुढं ताट सरकवलं आणि गिरजाच्या ताटातली एक नेवरी घेऊन तिचे तीन तुकडे केले. तिघांच्या ताटात एकेक ठेवला.

कमलनं त्या तुकड्याकडं बघितलं.

"डॉक्टर म्हणालेत," गणपती म्हणाला, "सणाला एखादा तुकडा चालंल. तू तवा पिशवी भरत हुतीस."

"खोटं न्हाई न्हवं?"

"फोन लाव डॉक्टरला."

"ऱ्हाऊ दे. दिवाळी हाय त्यांची बी," कमल म्हणाली आणि पानगीचा तुकडा मोडला. करपलेल्या पानाचा वास, आत लुसलुशीत काकडी, गुळाची पुसट गोडी. तिनं उसळीत बोट घातलं. मिरची लागली. तिनं पोहे घेतले, मग कंद घेतला, मग आणखी पानगी घेतली. आपल्याला भूक लागलीय हे तिला जेवता जेवता कळलं, आणि ही भूक आजची नव्हती. देवकी परशूची नक्कल करत होती, तो दिग्गीत येऊन 'तुमच्या भावाच्या घरी कढई चढली न्हाई' एवढंच किती गंभीर तोंडानं म्हणाला होता ते. गणपती मध्येच सांगत होता की परशूचं तोंड जन्मापासूनच तसं आहे. हसताना कमलच्या नाकात ताक गेलं. देवकीनं पाठीवर थापट्या मारल्या.

ताटात काही उरलं नाही तेव्हा ती भानावर आली.  तिनं देवकीच्या कानाशी वाकून विचारलं, "अक्का, ह्यांनी किती खाल्लं? मी बघितलंच न्हाई."

"मला काय ठावं?" देवकी म्हणाली. "मी जेवत हुते."

कमलनं मग शेजारी बघितलं. गणपतीच्या ताटाभोवती सालींचा ढीग पडला होता, पानगीची दोन-तीन करपलेली पानं एकावर एक पडली होती, आणि तो बोटानं उसळीचं भांडं पुसत होता.